आजीच्या गालावरचे ठिपके

घाटकोपरच्या एका डीटीपीच्या दुकानात आजीच्या पंचाहत्तरीची पत्रिका करायला बसलो होतो. फोनवर फोटो झकास दिसत होता. ऑपरेटरने तो पत्रिकेच्या पानभर ताणला आणि मान हलवली. "काका, व्हॉट्सॲपवरून आलाय ना? फाटतोय. मूळचा आणा."

हिशेब त्याने पत्रिकेच्याच मसुद्यावर मांडून दाखवला. 12 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे 4000 गुणिले 3000, एक कोटी वीस लाख ठिपके. चांगल्या छपाईला इंचात 300 ठिपके लागतात, म्हणजे तो 13 इंच रुंद छापला तरी चेहरा शाबूत. पण वाटेत लांब बाजू 1600 ठिपक्यांवर आली की जेमतेम सव्वापाच इंच हाती उरतात. वेबसाइटला मात्र तेच 1600 भरपूर होतात. तिथे इंचाचा प्रश्नच येत नाही, पिक्सेल मोजायचे. अंधेरी स्टेशनबाहेरचा फ्लेक्स आपण लांबून बघतो, म्हणून त्याचं इंचात 72 ठिपक्यांवरही भागतं.

फोटो हलका होतो तो नुसता आकार कमी करून नव्हे. जेपेग हे फाइलचं स्वरूप फोटोचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडतं. मग प्रत्येक चौकोन संथ आणि भरभर बदलणाऱ्या लहरींची बेरीज म्हणून मांडतं आणि डोळ्याला जाणवणार नाहीत अशा बारीक लहरी टाकून देतं. माझा तर यावर विश्वासच बसेना, गालावरची सुरकुती म्हणजे लहरींची बेरीज! हे गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत 1974 मध्ये प्रसिद्ध केलं. त्याआधी अहमद यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले होते, ते मिळाले नाहीत. आज जगातले बहुतेक फोटो याच गणितावर चालतात. टाकलेल्या लहरी मात्र परत येत नाहीत, म्हणून मूळ फोटो जपायचा आणि पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा.

मूळ फोटो आणून छापून बघितला, तर आजीच्या शालूचा पोपटी रंग उतरला. पडदा स्वतः उजळतो. लाल, हिरवा, निळा प्रकाश एकत्र आला की पांढरा होतो. कागदावर सगळं उलटं. तिथे शाई प्रकाश गिळते: सायन लाल गिळते, मॅजेंटा हिरवा, पिवळी निळा. पडद्यावरचा लखलखता पोपटी या शायांच्या आवाक्यातच नाही. म्हणून छापण्याआधी फोटो सीएमवायकेत, म्हणजे या तीन शाया आणि काळी यांच्या हिशेबात, बदलून रंग डोळ्यांखालून घालायचा.

याच घाटकोपरात 1894 साली राजा रविवर्मांचा शिळाप्रेस सुरू झाला आणि 1899 मध्ये मळवलीला गेला. तेव्हा प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. लक्ष्मी-सरस्वतीच्या साडीतली एकेक छटा दगडांवर वाटून द्यायची आणि प्रत्येक दगडाचा ठसा आधीच्या ठशावर अचूक बसवायचा. आज ते काम चार प्लेटा करतात.

पत्रिका छापून आल्या तेव्हा ऑपरेटरने हातात भिंग दिलं. आजीच्या गालावर त्वचेच्या रंगाची शाई कुठेच नव्हती. होते ते गुलाबी आणि पिवळे ठिपके, मधूनच एखादा निळसर, आणि प्रत्येक रंगाच्या ओळी वेगळ्या कोनात कललेल्या, त्यामुळे जागोजागी चिमुकली फुलं उमटलेली. पांढरे केस म्हणजे तर जवळजवळ कोरा कागद. भिंग बाजूला केलं, पत्रिका हातभर लांब धरली. सगळे ठिपके कुठे गेले कोण जाणे, आजी हसत होती.