शेजारधर्म



लूकाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोनी मनुष्याचा दृष्टांत आपणां सर्वांस पाठ आहे. परंतु पाठ असलेली गोष्ट समजलेली असतेच असे नाही. यरुशलेमेहून यरीहोस जाणारा एक वाटसरू लुटला जाऊन अर्धमेला पडला. याजक व लेवी त्यास पाहून पलीकडून निघून गेले. यहूदी ज्यांस परके मानीत, त्या शोमरोन्यांपैकी एकाने मात्र थांबून त्याच्या जखमा बांधल्या, त्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि तेथील खर्चही सोसला. आपला शेजारी कोणास म्हणावे, ह्या एका शास्त्र्याच्या प्रश्नावर प्रभू येशूने हा दृष्टांत सांगितला, आणि शेवटी तो प्रश्नच फिरविला: त्या जखमी मनुष्याचा शेजारी कोण झाला? म्हणजे, भिंतीला भिंत लागल्याने कोणी शेजारी होत नाही. शेजारपण आपण होऊन पत्करावे लागते.

आपल्या ह्या भागात असे शेजारी झालेले लोक आहेत. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान अडकली. गाडीत सुमारे १,०५० प्रवासी होते. दुसऱ्या दिवशी आपत्ती निवारण दलाच्या व नौदलाच्या जवानांनी होड्यांतून सर्वांस सुखरूप बाहेर काढले. आणि त्या कामी आसपासच्या गावांतील लोकही धावून आले. त्या प्रवाशांपैकी कोणीही त्यांच्या नात्याचे वा ओळखीचे नव्हते.

पुढे १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्थानकात एका दृष्टिहीन मातेचा लहान मुलगा फलाटावरून रुळांत पडला. समोरून एक्स्प्रेस गाडी वेगाने येत असता पॉइंट्समन मयूर शेळके ह्यांनी धावत जाऊन त्यास वर उचलले. त्यांस रेल्वेकडून ५०,००० रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. त्यातील अर्धी रक्कम त्या मुलास देण्याचे त्यांनी ठरविले. शोमरोन्याने उतारशाळेचे पैसे भरले, त्याच जातीची ही गोष्ट होय. प्राण वाचविल्यावरही काळजी संपली नाही.

ह्या लोकांनी संकटात सापडलेल्यांचा धर्म विचारला नाही, आणि आपणही त्यांचा विचारू नये. प्रभूने दृष्टांताचा नायक परक्यांतून निवडला, ह्यावरून दया ही ख्रिस्ती लोकांची मिरासदारी नव्हे, हे उघड आहे. सत्कृत्यांनी तारण विकत मिळत नाही. ते कृपेचे दान होय. परंतु ज्यास ते फुकट मिळाले, त्याने दया करताना हिशेब घालावा, हे कसे शोभेल? उपाशी बांधवास नुसता आशीर्वाद देऊन वाटेस लावणारा विश्वास निर्जीव होय, असे याकोबाच्या पत्राचे सांगणे आहे.

येथे आम्हांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. एका पावसाळी सकाळी अंबरनाथच्या फलाटावर एक वृद्ध बाई पाय घसरून पडल्या. त्यांची भाजी चहूकडे पसरली. गाडी येऊन उभी होती. आम्ही गाडी पकडली. त्या दिवशी पहिल्या तासास आम्हांस हाच दृष्टांत शिकवावयाचा होता, आणि आम्ही तो शिकविलाही. त्या याजकासही बहुधा उशीर होत असावा, हे तेव्हा प्रथम उमगले.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांस पुरात होड्या घालाव्या लागतील असे नाही. पण मागच्या बाकावर एकटाच डबा खाणारा मुलगा आणि जिच्या बोलीस वर्ग हसतो ती नवी मुलगी, ही तुमच्या वाटेवरच आहेत. पालकहो, घरकामाची बाई आजारी पडली असता आपण तिच्याशी कसे वागतो, हे मुले पाहत असतात.

त्या वृद्ध बाई आम्हांस पुन्हा दिसल्या नाहीत. हल्ली आम्ही घरून एक गाडी आधी निघतो.