ओळखा पाहू, नाणे कोणाचे?

मोकळ्या तासाला आम्हा मुलींत एक खेळ चालतो. एकीने परदेशी चलनाचे नाव घ्यायचे आणि बाकीच्यांनी देश सांगायचा. येन म्हटले की जपान, रूबल म्हटले की रशिया. हा खेळ लवकरच शिळा झाला, कारण जिचे पाठांतर चांगले तीच जिंकते. मग आम्ही नियम बदलला: देश नको, नावाचा अर्थ सांगा. खरी गंमत तेथून सुरू झाली. वाचकहो, तुम्हीही खेळून पहा.

चीनचा युआन, जपानचा येन, कोरियाचा वॉन. तिन्हींचे मूळ एक आणि अर्थही एकच. कोणता? 'गोल'! नाण्याचा आकार पाहिला आणि नाव ठेवून दिले. पोलंडचा झ्लॉटी म्हणजे 'सोन्याचा'. पाउंड आणि पेसो ही मुळात वजने. आणि आपला रुपया? 'सोनेरुपे' हा शब्द आठवा. रुपे म्हणजे चांदी. सोळाव्या शतकात शेरशहा सूरने पाडलेल्या चांदीच्या नाण्यामुळे हे नाव रूढ झाले. इंडोनेशियाचा रुपिया आणि मालदीवचा रुफिया हे त्याचेच भाऊबंद.

डॉलरपाशी मात्र सगळ्या अडतात. जर्मन भाषेत 'टाल' म्हणजे खोरे. आजच्या चेक देशात योआखिम्सटाल या खाणीच्या गावी १५२० च्या सुमारास चांदीची नाणी पडू लागली. गावावरून ती 'टालर' झाली आणि टालरचा पुढे डॉलर. एवढा दिमाख, पण नाव एका खोऱ्याचे! आपल्याकडे तरी वेगळे काय होते? चांदवडच्या टाकसाळीतला तो चांदवडी रुपया, अंकुशाची खूण असलेला तो अंकुशी, शिवाजी महाराजांच्या नावाची ती शिवराई.

'दिरहम'चे उत्तर तर आपल्याच तोंडी आहे. ग्रीकांचा द्राख्मा भारतात येऊन द्रम्म झाला. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त सोळा पणांचा एक द्रम्म सांगितला आहे. द्रम्माचा झाला दाम. तिकडे अरबांनी त्याच द्राख्म्याचा दिरहम केला. ग्रीसने २००२ मध्ये द्राख्मा टाकून युरो घेतला. दुबईत दिरहम चालतो आणि आपला दुकानदार अजून 'रोख दाम' मागतो.

हे झाले दूरदेशीचे. घरच्या नाण्याचे कोडे मला यंदा पडले. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १ एप्रिल १९५७ पासून शंभर नवे पैसे आले आणि चवली, पावली, अधेली हळूहळू व्यवहारातून गेल्या. जुन्या सातबाऱ्यावर मात्र जमिनीतला वाटा आणे-पैतच लिहिलेला असतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून आजोबा वारल्यावर तो कागद माझ्या हाती आला. आजोबांच्या नावापुढे होते ५ आणे ४ पै. हा काय आकडा? पण १९२ ला तीनाने भागा: बरोबर ६४ पै. तीन भावांचे तीन सारखे वाटे! शंभराचे तीन भाग करू गेले तर बाकी संपतच नाही. जुने लोक सोळा आणि बारा धरून बसले होते ते उगीच नव्हे.

आजोबांचे वारस चार: वडील, काका आणि दोन आत्या. काकांनी मात्र कागदावर दोनच वाटे मांडले होते, २ आणे ८ पै आणि २ आणे ८ पै. आत्यांकडून हक्कसोडपत्र लिहून घ्यायचे घाटत होते. २००५ च्या कायदादुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिलेला आहे. मी ६४ ला चाराने भागून १ आणा ४ पै असे चार वाटे मांडले आणि कागद वडिलांपुढे ठेवला. ते बराच वेळ तो पाहत राहिले. थोरल्या आत्याने विचारले, "एक आणा चार पै म्हणजे गं किती?"

सारे शेत ४८ गुंठ्यांचे. "चार गुंठे, आत्या," मी म्हटले. हडपसरात चार गुंठ्यांचा दाम काय, हे तिला सांगावे लागले नाही.