कंपनीनं सोडलेला सिंथ विकत घ्यावा का?

तुळजापूर, धाराशिव, नळदुर्ग या पट्ट्यात छोट्या स्टुडिओंची धांदल शारदीय नवरात्राच्या आधी सुरू होते. देवीची गाणी, गोंधळ, आराध्यांची गाणी, सगळं घटस्थापनेच्या आत हवं असतं. संबळ आणि तुणतुणं माइकसमोरच वाजवावं लागतं; संबळाच्या बाकदार काडीचा ठोका अजून कुठल्या यंत्रात नीट उतरलेला नाही. पण खालचा बास, मागं पसरलेलं पॅड, देवीच्या प्रवेशाआधीचा घुमणारा आवाज ही कामं लॅपटॉपमधला सिंथ, म्हणजे सॉफ्टवेअर सिंथेसायझर, करतो. असा एखादा नावाजलेला सिंथ एकदम स्वस्तात मिळायला लागला की समजावं, बहुतेक कंपनीनं त्याचं पुढचं काम थांबवलंय. घ्यावा की नको, यावर मग चहाच्या टपरीपासून स्टुडिओपर्यंत मतं ऐकू येतात. त्यातली बरीच चुकीची आहेत आणि त्यापायी मेहनतीचे पैसे जातात.

“काम थांबलं म्हणजे उद्यापासून तो चालणार नाही,” हे पहिलं मत. तसं होत नाही. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सनं ॲबसिंथ हा आपला गाजलेला सिंथ २०२२ साली बंद केला, तरी ज्यांच्याकडे तो होता त्यांच्या संगणकावर तो दुसऱ्या दिवशीही तसाच वाजत होता. जपानच्या इचिरो तोडा यांनी बनवलेला सिंथ१ तर फुकट मिळणारा, नॉर्ड लीड २ या वाद्याच्या धर्तीचा, वीसेक वर्षं जुना. आजही लोक त्यावर बास वाजवतात. काम थांबतं म्हणजे पुढची दुरुस्ती थांबते. आज जे आहे ते आजच्या संगणकावर शाबूत राहतं.

याच्या बरोबर उलट मत जास्त घातक आहे: “सॉफ्टवेअर झिजत नाही, एकदा घेतलं की जन्मभर चाललं.” ऑर्केस्ट्रातला रोलंडचा जुना ऑक्टापॅड वीज मिळाली की वाजतो, त्याला दुसऱ्या कुणाची परवानगी लागत नाही. सिंथ झिजत नाही हे खरं, पण तो ज्या संगणकावर उभा असतो तो बदलत राहतो. ॲपलनं २०१९ मध्ये मॅकओएस कॅटलिना आणली आणि ३२ बिटची सगळी सॉफ्टवेअर एका फटक्यात बाद केली. २०२० च्या नोव्हेंबरपासून मॅकमध्ये ॲपलची स्वतःची चिप आली. इंटेलसाठी लिहिलेले जुने सिंथ तिच्यावर रोझेटा नावाच्या दुभाष्याच्या आधारानं चालतात, आणि हा आधार मॅकओएस २७ पर्यंतच सरसकट मिळेल असं ॲपलनं २०२५ मध्ये सांगून टाकलंय. त्यामुळे मॅकवाल्यानं फक्त इंटेलसाठी असलेला सोडलेला सिंथ घ्यायचा असेल तर त्याचं आयुष्य आत्ताच मोजता येतं.

विंडोजवर परिस्थिती बरी आहे. आपल्याकडचे बहुतेक स्टुडिओ विंडोजवरच चालतात, म्हणून हे नीट समजून घेण्यासारखं आहे. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचा प्रोग्राम आजही चालतो. अडचण येते ती रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. क्यूबेसनं नवव्या आवृत्तीपासून आणि एबलटन लाइव्हनं दहाव्यापासून ३२ बिटची साथ सोडली. एफएल स्टुडिओ आणि रीपर मात्र असे जुने सिंथ स्वतःच्या पुलावरून चालवून घेतात. तेव्हा जाहिरात वाचत बसू नका, डेमो टाकून फाइल कुठं बसली ते बघा. प्रोग्राम फाइल्स एक्स८६ या फोल्डरमध्येच एकटी डीएलएल फाइल सापडली, तर तो बहुधा ३२ बिटचा, जुन्या व्हीएसटी२ पद्धतीचा सिंथ आहे. कॉमन फाइल्समधल्या व्हीएसटी३ या फोल्डरमध्ये फाइल असेल तर तो बराच पुढच्या काळातला. हा फरक महत्त्वाचा, कारण सिंथ रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडण्याची व्हीएसटी ही पद्धत ज्या स्टाइनबर्गनं काढली त्या कंपनीनं २०१८ पासून व्हीएसटी२ चे नवे परवाने देणं थांबवलं, आणि आपल्या सॉफ्टवेअरमधूनही ती पद्धत काढून टाकणार असं २०२२ च्या जानेवारीत जाहीर केलं.

पण खरी मेख परवान्यात आहे. “पैसे मोजले म्हणजे वस्तू आपली झाली,” असं आपण बाजारात धरून चालतो. इथं तुम्ही वापरण्याची मुभा विकत घेता, आणि पुष्कळदा ती मुभा कंपनीच्या सर्व्हरकडून तपासून घ्यावी लागते. लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली, विंडोज पुन्हा टाकावं लागलं, की सिंथ कोड मागतो. त्या दिवशी पलीकडे सर्व्हरच नसेल, तर तुमच्याकडे पावती, ईमेल, सीरियल नंबर सगळं असून उपयोग नाही. हे काल्पनिक नाही. स्टाइनबर्गची ई-लायसेन्सर ही परवाना सेवा २० मे २०२५ ला बंद झाली. यूएसबी डोंगलमध्ये आधीच बसलेले परवाने चालू राहिले, पण डोंगलशिवाय थेट संगणकात बसवलेले परवाने संगणक बदलल्यावर पुन्हा सुरू करून घ्यायचा मार्ग संपला. एवढी मोठी कंपनी, आधी सांगून, रीतसर बंद करते तेव्हा हे होतं. एकट्या माणसानं चालवलेली कंपनी रात्रीत दुकान बंद करते तेव्हा काय होत असेल ते सांगायला नको.

म्हणून घेण्याआधी एकच प्रश्न धसास लावा: इंटरनेटशिवाय हा सिंथ नव्या संगणकावर सुरू होतो का? नुसता सीरियल नंबर टाकून किंवा परवान्याची फाइल दाखवून सुरू होत असेल तर चांगलं. इन्स्टॉलर, सीरियल आणि परवान्याची फाइल दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा आणि मोबाइलचं नेट बंद करून दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपवर एकदा सुरू करून बघा. दुसऱ्याकडून जुना परवाना घेत असाल तर तो तुमच्या नावावर करून देणारं कंपनीत कुणी उरलंय का, हे आधी विचारा. उरलं नसेल तर समोरच्याचा शब्द हीच तुमची पावती.

आता सगळ्यात जास्त कानावर येणारं वाक्य: “कंपनीनंच सोडलंय, मग क्रॅक टाकला तर कुणाचं काय गेलं?” विक्री थांबल्यानं हक्क संपत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हा वाङ्मयीन कृतीत धरलेला आहे आणि त्याचं संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत असतं. नकली प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली, तर कलम ६३ ब नुसार किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं. पण गाण्याचे पैसे घेणाऱ्या स्टुडिओला ती सवलत सांगता येणार नाही. कायदा बाजूला ठेवला तरी क्रॅक टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच लॅपटॉपवर गावोगावच्या कलावंतांची मूळ रेकॉर्डिंग असतात. मला हा धोका कुठल्याही स्वस्ताईच्या बदल्यात मान्य नाही.

“वाट बघू, पुन्हा येईल” असंही म्हणतात. कधी येतो. ॲबसिंथ मूळ निर्माते ब्रायन क्लेव्हिंजर यांच्यासह २०२५ च्या अखेरीस सहाव्या आवृत्तीत परतला. पण २०१५ मध्ये ॲपलनं कॅमल ऑडिओ घेतली, तेव्हा तिचा अल्केमी हा सिंथ त्याच वर्षी ॲपलच्या लॉजिक या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये गेला आणि विंडोजवाल्यांसाठी कायमचा संपला. कंपनीच्या मनात काय आहे यावर पैसे लावू नयेत.

आणि तो आवाज दुसरीकडे मिळतच नाही, हे अर्धंच खरं. ॲबसिंथसारख्याचं सरकत, बदलत जाणारं पोत खरंच वेगळं आहे. ते हवं असेल तर हवं. पण देवीच्या गाण्यातला गोल बास आणि रुंद पॅड कुठल्याही चांगल्या सिंथवर तासाभरात बसतात. सर्ज हा सिंथ २०१८ मध्ये त्याच्या निर्मात्यानं मुक्त स्रोत करून टाकला आणि आज सर्ज एक्सटी या नावानं लोक तो मिळून वाढवतात. तो फुकट आहे, परवाना तपासणारा सर्व्हर नाही, आणि त्यात स्वरांची जुळणीही आपल्याला हवी तशी बदलता येते. पेटी किंवा तुणतुण्याशी सिंथ जुळवताना डोकं धरून बसलेल्या माणसाला याची किंमत कळेल.

राहिली केलेली गाणी. परवाना मेला तरी तयार गाण्यावरचा तुमचा हक्क जात नाही. जातं ते उघडणारं प्रोजेक्ट: पाच वर्षांनी गायकानं त्याच चालीवर नवे शब्द आणले की त्या ट्रॅकवर सिंथ सापडत नाही असा निरोप येतो. त्यामुळे गाणं पूर्ण झालं त्याच रात्री सिंथचा प्रत्येक ट्रॅक पहिल्या मात्रेपासून वेव्ह फाइलमध्ये काढा, एकदा इफेक्टसह, एकदा कोरा. सोबत मिडी फाइल आणि पॅचचं नाव लिहून ठेवा. मिडी १९८३ पासून टिकून आहे, आणि ती वाचणारं दुसरं काहीतरी नेहमी मिळतं.

माझं मत स्पष्ट आहे. ६४ बिटचा आहे, नेटशिवाय सुरू होतो, डेमोवर आवाज मनात भरलाय आणि विंडोजचा एक लॅपटॉप तुम्ही फक्त रेकॉर्डिंगसाठी वेगळा ठेवू शकता, असं असेल तर सोडलेला सिंथ स्वस्तात जरूर घ्या. यातलं पहिलं किंवा दुसरं नसेल तर नव्वद टक्के सवलतीतही घेऊ नका. आणि घ्यायचाच असेल तर श्रावणात घ्या, घटस्थापनेच्या आठवड्यात नाही.