खुराडे बांधण्यापूर्वी
महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबांत कोंबड्या पाळण्याची रीत जुनी असली, तरी त्यांच्या निवाऱ्याचा विचार बहुधा डालग्यापाशी किंवा गोठ्याच्या कोपऱ्यातील खुराड्यापाशी थांबतो. मुंगूस आणि रानमांजर यांच्या धास्तीने हे खुराडे इतके बंदिस्त केले जाते की कोंबडी शत्रूपासून वाचते, पण कोंदट हवेने आजारी पडते. ओलसर विष्ठेतून सुटणारा अमोनिया हा डोळ्यांना झोंबणारा वायू श्वासनलिकेचे अस्तर दुखावत असल्यामुळे श्वसनाचे विकार सहज जडतात. म्हणून विटांच्या भिंतींवर खर्च करण्यापेक्षा तो बारीक, भक्कम जाळीवर करणे अधिक शहाणपणाचे.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवल्यास ऊन थेट आत शिरत नाही, आणि लांब बाजूंच्या भिंती गुडघ्याएवढ्याच बांधून वर जाळी लावली तर वारा आरपार खेळतो. कोकणासारख्या झडीच्या प्रदेशात छपराची वळचण पुढे काढावी लागते, आणि जाळीवर गोणपाट लावला तरी वरची वीतभर जागा मोकळी ठेवावी लागते. दर कोंबडीमागे सुमारे 2 चौरस फूट जागा धरून जमिनीवर भाताच्या तुसाचा थर पसरतात; तो अधूनमधून खालीवर केला नाही, तर त्याचा उपयोग उरत नाही.

रानकोंबड्यांपासून आलेली, रात्री उंचावर बसण्याची सवय पाळीव कोंबडीतही टिकून असल्याने आडव्या दांड्या हव्यातच. अंडी घालण्याची खोकी, साधारण 5 कोंबड्यांमागे एक, अंधाऱ्या बाजूला आणि दांड्यांपेक्षा खाली असावीत. अन्यथा कोंबड्या खोक्यांतच झोपून अंडी घाण करतात.

अंडी देण्याची क्रिया उजेडाच्या कालावधीवर अवलंबून असते. त्यासाठी 14 ते 16 तास उजेड लागतो, आणि डिसेंबरात येथील दिवस जेमतेम 11 तासांचा असल्यामुळे अंडी घटतात. दिवा लावायचाच असेल तर तो पहाटे लावावा, कारण रात्री तो अचानक विझला की कोंबड्यांना दांडी सापडत नाही. कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असून त्याची घडण बरीचशी रात्री होते, त्यामुळे शिंपल्यांचे तुकडे संध्याकाळी समोर असणे हिताचे.

मानमोडीची, म्हणजे राणीखेत या विषाणुजन्य रोगाची, लस पशुवैद्यकांच्या सल्ल्याने वेळेवर टोचून घेतली, तरी आठवडी बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवणे आवश्यक असते, आणि त्यासाठी मात्र जुने डालगे उत्तम कामी येते.