मूल वॉर्डात शांत असते तेव्हा

"शहाणा आहे हो, आई गेली तरी रडला नाही!" ब्रिटनमध्ये मुलांच्या वॉर्डात काम करताना हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे. पण न रडणारे मूल खुशीत असतेच असे नाही.

१९५० च्या सुमारास इथल्या अनेक हॉस्पिटलांत आईवडिलांना भेटीची वेळ फार थोडी मिळे. भेटीनंतर मुले रडतात, तेव्हा भेटी कमीच बऱ्या, असा समज होता. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी सुमारे अडीच वर्षांच्या लॉरावर चित्रपट केला. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी ती आठ दिवस हॉस्पिटलात होती. ती फार रडली नाही, पण आई भेटायला आली की तोंड फिरवू लागली. आधी आकांत, मग निराशा आणि शेवटी अलिप्तपणा, अशा तीन पायऱ्या रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी दाखवल्या. ही तिसरी पायरीच लोकांना 'मूल रुळले' अशी वाटे. १९५९ च्या प्लॅट अहवालाने भेटींवरील बंधने काढण्याची शिफारस केली. आज बहुतेक वॉर्डांत आई किंवा वडिलांना रात्री मुलाजवळ झोपता येते. ही सोय जरूर घ्या.

आपल्या घरांसाठी आणखी काही गोष्टी. घरी मराठीच बोलणाऱ्या लहान मुलाला वॉर्डात कोणाचेच बोलणे कळत नाही. 'पाणी', 'शू', 'दुखतंय' असे त्याचे शब्द इंग्रजी लिपीत अर्थासह लिहून नर्सकडे द्या. 'सुई टोचणार नाहीत' असे खोटे सांगू नका. 'थोडे दुखेल, मी हात धरीन' असे सांगा. कातडी बधिर करणारे मलम मिळते, पण ते आधी लावून ठेवावे लागते. म्हणून आल्याबरोबर विचारा. आवडते खेळणे किंवा आजीच्या साडीची गोधडी न धुता आणा, तिला घरचा वास असतो. मात्र ऑपरेशनपूर्वी उपाशी ठेवायला सांगितले असेल, तर मायेपोटीही गुपचूप घास भरवू नका. भूल देताना धोका होतो. निघताना लपूनछपून जाऊ नका. परत कधी येणार ते सांगा आणि तेव्हाच या.

घरी आल्यावर मूल काही दिवस बिलगून राहील, रात्री उठेल, कदाचित अंथरूण ओले करील. त्याला रागावू नका. हे काही आठवडे लांबले, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. आणि तुम्हाला पाहून वॉर्डात ते मोठ्याने रडले, तर वाईट वाटून घेऊ नका. त्याचा तुमच्यावरचा विश्वास शाबूत आहे, असे समजा.