विमान, युद्धनौका आणि मापाची पट्टी

लढाऊ विमान अथवा युद्धनौका घेण्याचे ठरले, की वर्तमानपत्रांतून वेग, पल्ला आणि किंमत यांचे आकडे येतात आणि चहाच्या टेबलावर वाद सुरू होतो : रशियाचे चांगले की अमेरिकेचे? आमचे आयुष्य कामगारांत गेले, त्यामुळे आमच्या मनात येणारा पहिला प्रश्न निराळा असतो. हे यंत्र कोणत्या पट्टीने मोजून केले आहे, आणि त्याचा बोल्ट तुटला तर नवा कोण व कोठे कातणार? युद्धशास्त्राचे आम्ही पंडित नव्हे. परंतु शस्त्राच्या निवडीतील पुष्कळ गोष्टी या एका प्रश्नाने उलगडतात, असे आमचे मत आहे.

दोन मापे एकत्र आली म्हणजे काय होते, हे आपल्या शहराला नव्याने सांगावयास नको. हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास येथून गेली ती मीटर गेजची. मनमाडला मुंबईचा मोठा मार्ग, पाच फूट सहा इंचांचा. म्हणून मनमाडला प्रत्येक पोते एका वाघिणीतून काढून दुसरीत भरावे लागे. दोन मापांतला फरक हमालांच्या पाठीवरून वाहिला जात होता. १९९० च्या दशकात आपला मार्ग रुंद झाला, तेव्हा ते थांबले. इंग्रजांच्या राज्यात फ्रान्सचा मीटर आला कसा, असे कोणी विचारील. लॉर्ड मेयो यांच्या काळात, १८७० च्या सुमारास, हिंदुस्थानात मेट्रिक मापे आणण्याचा विचार होता. मापे आली नाहीत, रूळ मात्र मीटरचे राहिले! नाण्यांचेही तसेच. सात हाली म्हणजे सुमारे सहा कलदार, हा हिशेब आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या जिभेवर असे.

पुढे १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे ठरली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. शेर, मण, फूट, इंच जाऊन किलो आणि मीटर आले. देश आपली पट्टी बदलीत असतानाच आपण दोन मोठ्या निवडी केल्या : एक विमानाची, एक युद्धनौकेची. दोन्ही आपल्या महाराष्ट्रात उतरल्या.

विमान होते रशियाचे मिग-२१. पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-१०४ मिळाले होते, त्याला तोड हवी होती. १९६२ मध्ये रशियाशी बोलणे ठरले. १९६४ साली संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण अमेरिकेला आणि रशियाला जाऊन आले. अमेरिकेकडून हवे ते विमान मिळाले नाही. रशियाने विमानही दिले, ते येथे बांधण्याचा परवानाही दिला, आणि पैसे रुपयांत घेण्याचे कबूल केले. मिग आकाशात किती उंच जाते यापेक्षा या शेवटच्या दोन गोष्टींनी निवड ठरली, असे आम्हांस वाटते. सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला आणि विद्युत उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली.

या विमानात वेग दाखविणारा काटा तासी किलोमीटर सांगे आणि उंची दाखविणारा काटा मीटर. आमच्या वैमानिकांची सवय मात्र फूट आणि नॉट यांची. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, अर्थात १८५२ मीटर. शेकडो किलोमीटर वेगाने जाताना मनात गुणाकार करीत बसणे परवडत नाही. नवी सवय अंगी मुरवावी लागते.

युद्धनौका होती इंग्लंडची लिअँडर जातीची फ्रिगेट. सरकारने १९६० साली ताब्यात घेतलेल्या माझगाव गोदीत ती बांधावयाची होती. पहिली ‘निलगिरी’ २३ ऑक्टोबर १९६८ रोजी पाण्यात उतरली आणि ३ जून १९७२ रोजी नौदलात दाखल झाली. पुढे आणखी पाच झाल्या. आराखडे इंग्रजी, लांबी ३७२ फूट. म्हणजे देशाचा कायदा सेंटिमीटर सांगत होता आणि गोदीतला आराखडा इंच! येथे टनांविषयी एक खुलासा केला पाहिजे, कारण वर्तमानपत्रे त्यात नेहमी घोटाळा करतात. युद्धनौकेचे टन म्हणजे तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. इंग्रजी टन १०१६ किलोंचा, मेट्रिक टन १००० किलोंचा. व्यापारी जहाजाचे ‘ग्रॉस टन’ हे तर वजनच नव्हे. ते आतल्या जागेचे माप आहे आणि जुन्या हिशेबात शंभर घनफुटांचा एक टन धरीत. तेव्हा दोन जहाजांची तुलना करण्याआधी टन कोणता, हे विचारावे.

कारखान्यात मात्र खरी अडचण टनांची नसते, आट्यांची असते. व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण बांधून दिले. त्यात आट्याचा कोन ५५ अंश. मेट्रिक आट्याचा कोन ६० अंश. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर दोन फेरे जातो आणि अडतो. जोर केला तर दोन्ही वाया जातात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३ चा पाना चालवणाऱ्याने डोके गोल केलेच म्हणून समजा. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि अमेरिकन एकाच बाजूने लढत होते, दोघेही इंचानेच मोजत होते, तरी त्यांचे बोल्ट एकमेकांस बसत नव्हते. त्यातून शहाणे होऊन त्यांनी कॅनडासह १९४८ मध्ये एक समान आटा ठरविला. तेव्हा विमान घेणे म्हणजे त्याबरोबर टॅप, डाय, गेज, पाने, धातूच्या जातींची नावे आणि आराखड्यांची भाषा घेणे होय. ही सारी सामग्री तीस-चाळीस वर्षे घरात राहते.

या दोन परंपरा एकाच नौकेत आणण्याचे धाडस माझगावातच झाले. ती नौका आपल्या पैठणच्या नदीच्या नावाची, ‘गोदावरी’. १० डिसेंबर १९८३ रोजी ती नौदलात आली. तिचा आराखडा आपल्या नौदलानेच केला. लिअँडरपेक्षा ती सुमारे तेरा मीटर लांब, परंतु बाष्पयंत्रे ओळखीची, लिअँडरचीच. क्षेपणास्त्रे रशियाची, पाणतीर डागण्याच्या नळ्या इटलीच्या, हेलिकॉप्टर इंग्लंडचे, आणि पाण्याखालचा कान असलेले सोनार भारतीय. आता अडचण पाहा. इंग्रज परंपरेच्या नौकेत वीज ४४० व्होल्ट, सेकंदाला ६० आवर्तनांची. रशियन सामग्रीला हवी ३८० व्होल्ट, ५० आवर्तनांची. पन्नाससाठी केलेली मोटर साठवर लावली तर ती एक पंचमांश जास्त वेगाने पळू पाहते. म्हणून मध्ये रूपांतर करणारी यंत्रे बसवावी लागली. मनमाडच्या हमालांचे काम येथे यंत्रांनी केले, पण जागा आणि वजन त्यांनीही खाल्लेच. तरीही नौका चालली. मागून ‘गंगा’ आणि ‘गोमती’ आल्या, आणि ‘गोदावरी’ ३२ वर्षे सेवा करून डिसेंबर २०१५ मध्ये निवृत्त झाली. ज्या फिटरांनी ‘निलगिरी’वर इंच शिकला, त्यांच्या गोदीनेच हे जमविले. असे कौशल्य परवान्याबरोबर कागदावर मिळत नसते.

निवडीची दुसरी बाजू १९९१ मध्ये दिसली. सोव्हिएत संघ फुटला आणि सुटे भाग देणारे कारखाने एका रात्रीत निरनिराळ्या देशांचे झाले. युद्धनौकांची गॅस टर्बाइने युक्रेनमध्ये राहिली. पुढे रशियात आपल्यासाठी बांधलेल्या ‘तुशिल’ या फ्रिगेटची इंजिने युक्रेनकडून आपणच विकत घेऊन रशियास पोचवावी लागली. ही नौका डिसेंबर २०२४ मध्ये नौदलात आली, तेव्हा ते दोन देश आपसांत लढत होते. १५ जानेवारी २०२५ रोजी माझगावची नवी ‘निलगिरी’ दाखल झाली. तिची गॅस टर्बाइने अमेरिकन घराण्याची आहेत. मिग-२१ ने अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निरोप घेतला. अपघातांनी त्याची बदनामी झाली. आमच्या मते विमानापेक्षा त्याला इतकी वर्षे राबविणाऱ्यांना अधिक विचारले पाहिजे.

ओझरला मिगनंतर सुखोई आले. त्यांची ठरलेली मागणी संपत आली तेव्हा हजारो हात कुशल झालेले आणि पुढचे काम अनिश्चित, अशी तेथल्या कामगारांची स्थिती झाली होती. वर्तमानपत्रांतील वेगाच्या कोष्टकात ही गोष्ट कोठेच नसते. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकला बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए ओझरहून उडाले, आणि वर्षाला आठ विमाने अशी तेथली क्षमता सांगण्यात आली. आराखडा आपला, पट्टी मेट्रिक, इंजिन मात्र अमेरिकेचे. ती इंजिने उशिरा आल्यामुळे तोपर्यंत बरीच विमाने अडून राहिली होती. ओझर आपल्या शहरापासून दीड-पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. वाळूज आणि चिकलठाण्याच्या टर्नर-फिटरांच्या हातांना मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत काम करण्याची सवय आहे. त्यांच्या यंत्रांवर या विमानाचा कोणता भाग कातला जाणार, किती वर्षांच्या मागणीवर, आणि तो कातणारा कायम कामगार असणार की कंत्राटी, हे आम्ही विचारीत आहोत.