रस्त्याची किंमत आणि रस्त्यावरचा माणूस

काही वर्षांपूर्वी भाजी विकणारी एक बाई माझ्याकडे आली. पालिकेच्या गाडीने तिची पाटी, तराजू आणि त्या दिवसाची मेथी-कोथिंबीर उचलून नेली होती. मी कागद वाचत असताना तिने विचारले, "वकीलसाहेब, मी बसते ती जागा तरी केवढ्याची आहे हो?" त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. पण प्रश्न बिनतोड होता.

आपल्याकडे प्लॉट, फ्लॅट, दुकान या सर्वांचा सरकारी भाव रेडी रेकनरमध्ये सापडतो. रस्ता मात्र विकला जात नाही, म्हणून त्याचा बाजारभाव ठरत नाही. त्याची किंमत काढण्याची एक ढोबळ रीत आहे. शेजारच्या जमिनीचा भाव घ्यायचा आणि रस्त्याच्या क्षेत्रफळाने गुणायचे. मुंबई महापालिकेकडे सुमारे २,००० किलोमीटर रस्ते आहेत. हिशेबापुरती सरासरी रुंदी १० मीटर आणि भाव चौरस मीटरला १ लाख रुपये धरू. दोन कोटी चौरस मीटर जमीन होते आणि किंमत होते दोन लाख कोटी रुपये! ज्या पालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या घरातले, तिच्याकडची ही संपत्ती कुठल्याच खातेवहीत या किंमतीने मांडलेली नाही.

आता याच भावाने एकेकाच्या वाट्याचा हिशेब करू. उभी मोटार अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब जागा अडवते. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, साडेबारा लाखांची जमीन. वर्षाला पाच टक्के भाडे धरले तरी ६२,५०० रुपये होतात. असंख्य गल्ल्यांमध्ये मोटारवाला त्यातला एक रुपयाही भरत नाही. आणि फेरीवाला? १९८५ साली बॉम्बे हॉकर्स युनियनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यासाठी एक मीटर बाय एक मीटर जागेची अट मान्य केली. म्हणजे एका मोटारीच्या जागेत बारा कुटुंबांची चूल पेटते. तरीही अतिक्रमण कोणाचे म्हणायचे? पाटीवाल्या बाईचे! मोटारीच्या बाबतीत तोच शब्द बदलून 'पार्किंगची समस्या' होतो.

या हिशेबावर एक रास्त आक्षेप आहे. शेजारच्या जमिनीला भाव येतो तोच मुळी रस्त्यामुळे. वाट नसलेल्या प्लॉटला कोण विचारतो? रस्त्याची किंमत दुकानदाराच्या आणि बिल्डरच्या भावात आधीच जाऊन बसलेली असते. आक्षेप खरा आहे, पण तो आपल्याच बाजूने बोलतो. रस्ता बांधला जनतेच्या करातून. तो रोज पहाटे झाडतो आपल्याच वस्तीतला सफाई कामगार. त्यातून वाढलेला भाव मात्र खिशात घालतो शेजारचा मालक. आराखड्यातल्या रस्त्यासाठी याच मालकाची जमीन लागली, तर १९६६ च्या नगररचना कायद्याने त्याला पैसे, चटईक्षेत्र किंवा टीडीआर मिळतो. म्हणजे मालकाची जमीन रस्त्यात गेली तर तिला किंमत आहे, गरिबाची उपजीविका रस्त्यावरून गेली तर तिला किंमत नाही.

कायदा काय म्हणतो? मुंबई महापालिका अधिनियम १८८८ च्या कलम २८९ प्रमाणे सार्वजनिक रस्ते पालिकेकडे निहित आहेत. पण 'निहित' म्हणजे मालकी नव्हे. मंगलौर नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पालिकेला खालच्या जमिनीची मालकी मिळत नाही, रस्ता म्हणून तो राखण्यापुरताच तिचा हक्क असतो. पालिका विश्वस्त आहे, जमीनदार नाही. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला, पण पदपथ मोकळा करण्याचा पालिकेचा अधिकारही कायम राहिला. १९८९ च्या सोदनसिंग निकालाने रस्त्यावर व्यवसाय करणे हा वाजवी निर्बंधांसह मूलभूत हक्क ठरवला.

आपल्या समाजाला रस्त्याची किंमत पुस्तकातून शिकावी लागत नाही. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवले. महाडला १९२७ साली सत्याग्रह झाला तेव्हा विरोधक तळे खाजगी असल्याचा दावा घेऊन कोर्टात गेले. मालकी कोणाची, यावरच तो खटला उभा होता. १९३७ साली हायकोर्टाने त्यांचा दावा फेटाळला. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, घाट यांच्या जोडीला 'रस्ते' हा शब्द आहे, तो उगीच नाही.

म्हणून रस्त्याची किंमत काढा, जरूर काढा. पण ती विक्रीची पावती नको, वाटपाचा हिशेब हवा. नाहीतर उद्या हाच आकडा दाखवून सांगतील की, लाखाच्या जागेवर फेरीवाला परवडत नाही. प्रत्येक वॉर्डाने जाहीर करावे की, रस्त्याची किती जागा चालणाऱ्याला, किती बसला, किती उभ्या मोटारींना आणि किती फेरीवाल्यांना दिली आहे, आणि कोणाकडून किती वसूल होते.

तोवर कार्यकर्त्यांनी २०१४ चा पथविक्रेता कायदा हाती घ्यावा. सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. हटवायचे तर ३० दिवसांची नोटीस लागते. जप्त केलेला नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत द्यावा लागतो. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्क्यांहून कमी नाहीत इतके सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. आपल्या वस्तीतल्या किती बायाबापड्यांना हे ठाऊक आहे?

त्या बाईला माझे उत्तर आता तयार आहे. बाई, कागदावर तुमची जागा लाखाची आहे. पण ती विकत घेऊन बसायची जागा नाही, तुमच्याआधी कोणीतरी लढून मोकळी केलेली जागा आहे. तिच्यावरून कोणी उठ म्हटले, तर आधी नोटीस मागा.